कण्यांतली साखर

१

शनिवारी सकाळी स्टुडिओचं दार नुसतं ढकललं तर उघडलं. व्हर्नेल आत असली तरी कडी लावायची आणि बाहेर गेली तर कुलूप.

आत दिवा तसाच जळत होता. टेबलावर तिचा चष्मा होता. कोपऱ्यातल्या लाकडी डोक्यावर तिचा तपकिरी विग नीट विंचरून ठेवलेला होता. डॉ. व्हर्नेल ओक्स विगशिवाय कचरा टाकायलाही घराबाहेर पडत नसे.

"डॉक?" मी हाक मारली. वर स्वयंपाकघरात गेले, झोपायच्या खोलीत गेले. फोन लावला तर बंद.

अटलांटाच्या नैर्ऋत्येला आमच्या कृष्णवर्णीय लोकांची जेवढी म्हणून केस विंचरायची दुकानं आहेत, तिथे शनिवार सोडून रोज संध्याकाळी रेडिओवर व्हर्नेलचाच आवाज ऐकू येतो. स्टुडिओ तिच्या घराच्या तळघरात. कार्यक्रमाच्या पहिल्या भागात कुठला गायक कुणाबरोबर सापडला, कुठल्या नटीने नवऱ्याची गाडी फोडली, असल्या बातम्या. दुसऱ्या भागात बायका फोन करून आपापली दुखणी सांगतात आणि व्हर्नेल त्यांना सल्ला देते. ध्वनी सांभाळायचं काम माझं. माझं नाव रोनेट.

शुक्रवारच्या कार्यक्रमात मात्र ती भलतंच बोलली होती. "न्यू तिर्झा चर्चच्या छपरासाठी आपण सगळ्यांनी पैसे दिले. म्हाताऱ्यांनी पेन्शनमधून दिले. छप्पर अजून गळतंय आणि पैसे गायब आहेत. कुणी खाल्ले ते मला कळलंय. रविवारी नाव सांगते."

त्यानंतर शेवटचा फोन आला. एका बाईने विचारलं, "डॉक, आपल्याच माणसाने पाप केलं असेल तर ते चारचौघांत सांगावं का?" व्हर्नेल गप्प झाली. इतकी गप्प, की फोन तुटला असं वाटून मी काचेतून तिला हात केला. रेडिओवरचा माणूस एक वेळ उपाशी राहील, पण शांतता पाळणार नाही. शेवटी ती म्हणाली, "माझ्यासाठी प्रार्थना कर, बाई," आणि गाणं लावायची खूण केली. मला वाटलं, दमली असेल.

मी तिच्या नवऱ्याला, कॉर्डेलला, फोन केला. तो मेकन गावी भावाकडे होता म्हणे. दुपारच्या आत धापा टाकत आला आणि विगकडे बघून रडायलाच लागला.

"हे बिशपचं काम आहे, रोनेट! मी चर्चच्या इमारत समितीत आहे, मीच किती दिवस त्याच्याकडे हिशेब मागतोय. नाही तर तो गाणारा, मार्क्वेल. त्याने तर सगळ्यांदेखत धमकी दिली होती!"

पोलिसांनी फोनवर ऐकून घेतलं. मोठी बाई आहे, एक रात्र घरी नाही, वाट बघा, म्हणाले. कॉर्डेल तिला शोधायला म्हणून बाहेर पडला. मी एकटी त्या तळघरात उभी राहिले आणि मला मागे वळून बघायचीही भीती वाटायला लागली. मग मी मिस आर्डेलियांना फोन लावला.

२

मिस आर्डेलिया क्रंप यांनी सारा जन्म विमा कंपनीत काढला. आगी खऱ्या लागल्या की लावल्या, माणूस खरंच मेला की मेल्याचं सोंग घेऊन फ्लोरिडात बसलाय, हे शोधायचं त्यांचं काम. आता न्यू तिर्झा चर्चच्या वडीलधाऱ्या 'मदर' म्हणून पहिल्या बाकावर पांढरी टोपी घालून बसतात. त्या आपली जुनी ब्यूक गाडी इतकी हळू चालवतात की मागचे लोक शिव्या घालतात.

त्यांनी स्टुडिओत कशालाच हात लावला नाही. नुसत्या बघत राहिल्या. विगपाशी थांबल्या.

"हं," म्हणाल्या.

"काय झालं?"

"अजून काही नाही. कॉफी कर, पोरी. हातांना काहीतरी काम दे."

मी कप हातात घेतला तोच माझा फोन वाजला. निरोप होता. व्हर्नेलच्या नंबरवरून. आवाज तिचाच.

"रोनेट, हे रविवारी कार्यक्रमाच्या जागी लाव. माझ्या लाडक्यांनो, मी डॉक्टर व्हर्नेल. शुक्रवारी मी बोलले ते खोटं होतं. न्यू तिर्झाच्या पैशांबद्दल मला काहीही माहीत नाही. मी थकलेय, काही दिवस लांब जातेय. माझी काळजी करू नका, मी मजेत आहे. सकाळी मक्याच्या कण्या खाल्ल्या, वर साखर घालून. देव तुमचं भलं करो."

कप माझ्या हातातून सुटला आणि फुटला.

"चला, जिवंत तर आहे," मिस आर्डेलिया म्हणाल्या. मग माझं तोंड बघून थबकल्या. "अगं, झालं काय तुला?"

"तिच्या शेजारी कुणीतरी उभं आहे," मी म्हणाले. "साखर... मिस आर्डेलिया, ती साखर म्हणाली."

कण्यांत मीठ-लोणी की साखर, यावरून आमच्याकडे घराघरांत भांडणं होतात. व्हर्नेल कट्टर मिठाची. साखरवाल्यांची तिने कार्यक्रमात इतकी टिंगल केली होती की लोक तिला साखरेची पाकिटं पाठवायचे. मग एकदा एका बाईचा फोन आला. कुजबुजत बोलत होती. नवरा मारायचा, आणि फोन केला की डोक्याशी येऊन उभा राहायचा. तेव्हा व्हर्नेल म्हणाली होती, "त्याच्यासमोर खरं बोलता येत नसेल, तर मैत्रिणीला एवढंच सांग, आज कण्यांत साखर घातली. माझा कार्यक्रम ऐकणारी कुठलीही बाई काय ते समजेल आणि मदत पाठवेल." त्यानंतर कित्येक महिने ती हे पुन्हा पुन्हा सांगत होती. ऐकणाऱ्या सगळ्यांना ते पाठ होतं.

मिस आर्डेलिया खाली बसल्या. "मी असले चावट कार्यक्रम ऐकत नाही. मला ठाऊक नव्हतं." थोडा वेळ त्या हातमोज्याचं बटण फिरवत राहिल्या. मग त्यांचे डोळे बारीक झाले. "म्हणजे तो निरोप ज्याने कुणी तिच्याकडून वदवून घेतला, त्यालाही ठाऊक नव्हतं. नाही तर त्याने ते वाक्य राहू दिलं असतं का?"

मी मान हलवली.

"मग ऊठ. तिच्यावर दात असलेल्या एकेकाला हा निरोप ऐकवू. आणि तू तोंड उघडायचं नाहीस. फक्त साखर आली की त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं."

३

बिशप थॅडियस गेन्स आपल्या कचेरीत बसले होते. छतातून पाणी गळतं तिथे कोपऱ्यात बादली ठेवलेली. गेल्याच महिन्यात त्यांनी व्यासपीठावरून व्हर्नेलला 'माइक हातात घेतलेली जेझबेल' म्हटलं होतं, म्हणजे बायबलमधली ती दुष्ट राणी.

"सिस्टर क्रंप, त्या बाईचं नाव माझ्या कचेरीत नको," ते म्हणाले. "इमारतीचा निधी समिती बघते. मी फक्त मागतो. आणि आता अख्खं शहर मला चोर म्हणतंय! माझी मुलगी आज कामावर जायला लाजली."

"तिने चूक कबूल केलीय, बिशप. ऐका तर."

मी निरोप लावला. सुरुवातीला बिशप खुशीत मान डोलावत होते. 'मी बोलले ते खोटं होतं' ऐकून त्यांनी हात वर करून देवाचे आभारही मानले. मग साखर आली. तो वर गेलेला हात तसाच राहिला.

"परत लावा," ते म्हणाले. परत ऐकलं आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. "पोलिसांना सांगितलंत का? ही बाई कुणाच्या तरी ताब्यात आहे!"

"असं? तुम्हाला कसं कळलं?"

बिशपनी रुमाल काढला, कपाळ पुसलं. "मी... गाडीत असताना कधीमधी लागतो तो कार्यक्रम."

"कधीमधी?"

"रोज ऐकतो, सिस्टर. झालं समाधान? माझ्या बायकोला सांगू नका."

दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसले असते. आज मला नुसतं थंड वाटत होतं, कारण एक माणूस यादीतून गळाला होता आणि तिला नेणारा अजून बाहेर होता.

मार्क्वेल स्टोव्हॉल शेजारच्या सभागृहात छपराच्या मदतीसाठी होणाऱ्या जलशाची तालीम करत होता. भक्तिगीतांचा एवढा मोठा गायक, पण मायामीच्या एका हॉटेलातला त्याचा व्हिडिओ बाहेर आला, शेजारी बायको नव्हती, आणि व्हर्नेलने आठवडाभर तोच विषय चघळला. त्याच्या तिकिटांचे पैसे लोकांनी परत मागितले. तो कॅमेऱ्यासमोर म्हणाला होता, "देव त्या बाईचं तोंड बंद करेल."

आम्हाला बघताच त्याने वादकांना थांबवलं. "काय, तिने तुम्हाला पाठवलं? अजून काय राहिलंय माझं काढायचं?"

"तिचा एक निरोप आहे," मिस आर्डेलिया म्हणाल्या.

त्याने हाताची घडी घालून ऐकलं. शेवटाकडे त्याची घडी सुटली.

"साखर?" तो माझ्याकडे वळला. "ए, ती साखर म्हणाली? आपली मिठाची डॉक?"

मिस आर्डेलियांनी विचारलं, "एवढी शत्रू, आणि तिचा कार्यक्रम ऐकतोस?"

"बाई, माझ्याबद्दल ती काय काय बोलली ते वकिलाला द्यायला मी तिचा एकेक भाग पारायण केल्यासारखा ऐकलाय. झोपेत म्हणून दाखवीन." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "तिचं तोंड बंद व्हावं असं मी म्हणालो होतो. पण असं नाही. देवाशप्पथ असं नाही. शोधा तिला."

बाहेर गाडीत बसल्यावर मी म्हणाले, "दोघांनाही माहीत होतं. मग राहिलं कोण?"

मिस आर्डेलियांनी गाडी सुरू केली. "जो राहिला त्याला ऐकवू," एवढंच म्हणाल्या.

४

घराजवळ गाडी लावायला जागा नव्हती. "तू हो पुढे, मी येतेच," त्या म्हणाल्या. मी तळघराचा जिना उतरले.

कॉर्डेल व्हर्नेलच्या खुर्चीत बसला होता. तिचे हेडफोन त्याच्या गळ्यात होते.

"कुठे होतीस?" त्याने विचारलं.

"चर्चमध्ये. प्रार्थनेला."

"काही कळलं?"

मला मिस आर्डेलियांचं बोलणं आठवलं. मी फोन काढला आणि निरोप लावला. त्याच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही.

तो डोळे मिटून ऐकत होता. साखर आली आणि गेली. त्याची पापणीही हलली नाही. संपल्यावर त्याने मोठा श्वास सोडला आणि हसला.

"देवाची कृपा! बघ, उगाच घाबरलो आपण. आवाज किती शांत आहे तिचा. कण्या खाल्ल्या, साखर घातली. संकटातली बाई नाश्त्याच्या गप्पा मारेल का?"

मी मान हलवली. हलवत राहिले.

"तुमची खात्री आहे ना, तीच आहे?"

"रोनेट, तिचा प्रत्येक भाग सगळ्यांच्या आधी मी ऐकतो. तिला माझ्याएवढं कोण ओळखतं?" तो उठला. जिना त्याच्या मागे होता आणि मी भिंतीकडे. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात जड आणि ओला होता. "एक सांग. रविवारी ती कुणाचं नाव घेणार होती, ते तुला बोलली का?"

"नाही."

"अगदी नाही?"

"मला फक्त आवाज कळतो, कॉर्डेल. बोलणं तिचं असतं."

त्याने हात काढला नाही. बोटं जरा घट्ट झाली. या तळघराच्या भिंतींना आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मीच जाड फोम चिकटवला होता. मी कितीही ओरडले तरी रस्त्यावर काहीच ऐकू जाणार नव्हतं.

जिन्यावर काठी वाजली. "अरे कॉर्डेल, तू इथेच का! बरं झालं. उद्या चर्चला ये हो. सगळी मंडळी तुझ्यासाठी प्रार्थना करणार आहेत."

हात खाली गेला. "येणार तर, मदर क्रंप," तो म्हणाला. "तिच्यासाठी काही वर्गणी काढली तरी माझी हरकत नाही." आणि तो गेला.

त्याच्या गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत मी उभी होते. मग पायरीवर बसले.

५

"विग पाहिला तेव्हाच मला शंका आली होती," मिस आर्डेलिया म्हणाल्या. आम्ही ब्यूकमध्ये होतो आणि त्यांनी दारं आतून लावून घेतली होती. "ती बोडक्या डोक्याने कुणापुढे जाईल? परक्यापुढे नाही. ओढून नेली म्हणावं, तर खुर्चीसुद्धा जागची हललेली नाही. ती आपल्या पायांनी गेली, घरच्या माणसाबरोबर, 'चल जरा, गाडीत बोलू' असं कुणी म्हणतं तशी. आणि त्या शेवटच्या फोनवर ती गप्प झाली म्हणालीस. बिशपचं नाव घ्यायचं असतं तर ती गप्प झाली असती? ती गप्प झाली कारण त्या बाईने तिचाच प्रश्न तिला विचारला."

"म्हणजे छपराचे पैसे कॉर्डेलने..."

"समितीत तोच. बिशपवर बोट दाखवणाराही तोच. पण हे सगळं अंदाजाचं होतं. बिशप आणि तो गवई, दोघं तिचे वैरी, पण दोघांनी तिचा शब्द न् शब्द ऐकलेला. त्यांच्यापैकी कुणी असता तर ते वाक्य पुसून दुसरं बोलायला लावलं असतं. साखर कुणाला कळली नाही? जो म्हणतो मी सगळ्यांच्या आधी ऐकतो, त्याला. त्या माणसाने आपल्या बायकोचा एकही कार्यक्रम ऐकलेला नाही, रोनेट. आणि तिला ते ठाऊक होतं. म्हणून तर त्याच्या नाकासमोर ती तसं बोलू शकली."

मला रडू आलं, पण त्यांनी वेळ दिला नाही.

"आता तुझं काम. ती कुठे आहे? निरोप ऐक. बोलणं सोड, खोली ऐक."

मी हेडफोन लावले आणि डोळे मिटले. पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं होतं स्टुडिओच आहे, कारण आवाज घुमत नव्हता. पण आमच्या स्टुडिओत आवाज मऊ मरतो. इथे प्रत्येक शब्दाच्या शेपटीला एक बारीक पत्र्याचा झंकार होता. पंखा नाही, रस्ता नाही, पक्षी नाही. अगदी काहीच नाही.

"लहान खोली," मी म्हणाले. "सगळीकडून बंद. भिंती पत्र्याच्या, पण पत्र्यामागे काहीतरी जाड भरलेलं..." आणि मी डोळे उघडले. "मिस आर्डेलिया, कॉर्डेलचं हॉटेल!"

कॅम्पबेल्टन रस्त्यावर त्याने कोंबडीच्या पंखांचं हॉटेल काढलं होतं, 'ओक्स विंग्ज'. वर्षभरही चाललं नाही. छपराचे पैसे कुठे गेले तेही त्या क्षणी कळलं. मागच्या बाजूला कोंबडी ठेवायची थंड खोली होती. आता वीज तोडलेली. दार बाहेरून बंद केलं की हवासुद्धा आत जात नाही अशी.

"पोलिसांना सांगू!"

"पोलीस आधी मला वीस प्रश्न विचारतील," त्या म्हणाल्या आणि फोन उचलला. "अग्निशमन दल आधी दार फोडतं, प्रश्न नंतर. इतकी वर्षं मी त्यांच्या मागोमागच फिरलेय." मग फोनवर त्या थरथरत्या म्हातारीच्या आवाजात बोलल्या, "बाळा, लवकर या हो, बंद हॉटेलात कुणीतरी अडकलंय, श्वास कोंडतोय!"

त्या दिवशी पहिल्यांदा मी मिस आर्डेलियांना गाडी जोरात चालवताना पाहिलं. रस्ताभर मी निरोप पुन्हा पुन्हा ऐकत होते. आता मला तिच्या वाक्यांच्या मधले श्वास ऐकू येत होते. लहान, तोकडे. निरोप बोलताना इतके तोकडे होते, तर आत्ता कसे असतील?

बंब आमच्या आधी पोचला होता. जवानांनी कुऱ्हाडीने मागचं दार तोडलं, मग थंड खोलीच्या दाराचा खटका. दार उघडलं तशी आतून कोंदट, गरम वाफ आली. कुणी बाहेर येईना. काही हलेना. मी तिथेच भिंतीला टेकले, मला आत बघवेना.

"नाडी आहे!" आतून कुणीतरी ओरडलं.

बाहेर आणलं तेव्हा तिचं डोकं उघडं होतं. पिकलेले, आखूड केस घामाने चिकटलेले. मी माझा स्कार्फ सोडून तिच्या डोक्याला बांधला. प्राणवायूच्या मुखवट्यातून ती काहीतरी पुटपुटली. मी कान जवळ नेला.

"त्याने अजून ठरवलं नव्हतं," ती म्हणाली. "मला सोडायचं की नाही. दाराशी येऊन मलाच विचारत होता, मी काय करू, व्हर्नेल, सांग ना, काय करू."

६

पोलीस घरी गेले, कॉर्डेल नव्हता. भावाकडेही नव्हता. त्याचा फोन बंद होता, रात्रभर तो हॉटेलकडेही फिरकला नाही, आणि ती सापडल्याची बातमी पोलिसांनी बाहेर जाऊ दिली नव्हती. ती रात्र मी इस्पितळात तिच्या खाटेशी काढली. बाहेर पावलं वाजली की आम्ही दोघी दाराकडे बघायचो.

"तो उद्या चर्चला येईल," मिस आर्डेलिया म्हणाल्या. "मी वर्गणीला नाही म्हटलं नव्हतं."

आणि तो आला. काळा सूट, काळा टाय, पुढच्या बाकावर. बिशपनी त्याला बोलायला बोलावलं. बिशपना सगळं सांगितलं होतं, त्यामुळे त्यांचा आवाज नीट निघत नव्हता. लोकांना वाटलं, दुःखाने भरून आलाय.

"माझी बायको मला सोडून गेली," कॉर्डेल म्हणाला. "पण मी तिला क्षमा केलीय. तुम्हीही करा. तिला शोधायला मी आजच निघतोय. तुमच्याने जे होईल ते..."

मागचं दार उघडलं. चाकांच्या खुर्चीवर व्हर्नेल होती. खुर्ची मी ढकलत होते आणि माझ्या दोन्ही बाजूंनी पोलीस चालत होते. कुणीतरी किंचाळलं. ऑर्गनवाल्याचे हात पट्ट्यांवर पडले आणि एक भेसूर सूर अख्ख्या चर्चभर पसरला. कॉर्डेल मागे सरकला, व्यासपीठाच्या कठड्याला धडकला. पळायला बाजूचं दार होतं, तिथे मार्क्वेल उभा होता.

मला अजून भीती वाटत होती. तो तिच्या अंगावर धावून येईल, खिशातून काहीतरी काढेल, असं सारखं वाटत होतं. पण व्हर्नेलने हात वर केला आणि मी थांबले. तिने माइक मागितला नाही. तिच्या घशातून जेमतेम आवाज निघत होता, आणि तरी शेवटच्या बाकावरची माणसंसुद्धा श्वास रोखून होती.

"तुमचं छप्पर यानेच खाल्लं," ती म्हणाली. "शुक्रवारी मी याला सांगितलं, रविवारपर्यंत तू स्वतः कबूल कर, मी तुझा हात धरून शेजारी उभी राहीन."

कॉर्डेल रडायला लागला. खरंच रडत होता, लहान मुलासारखा. "बेबी, मी घाबरलो होतो," तो म्हणाला. "देवाशप्पथ, मी फक्त घाबरलो होतो."

व्हर्नेल खुर्चीत पुढे झुकली.

"मीही घाबरले होते, कॉर्डेल," ती म्हणाली. "पण मी कुणाला कोंडलं नाही."

मग तिने माझ्या हातावर थाप मारली. मी खुर्ची वळवली आणि पोलिसांना पुढे जायला वाट करून दिली.